मतपरीक्षेचा वाद आणि ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचीं प्रमाणें

ख्रिस्ती धर्माच्या संस्थापकाचें ईश्वरत्व हा विषय इतिहाससंशोधकांच्या त्रैमासिकांत कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. त्याचें उत्तर असें कीं, या सिद्धान्ताच्या मंडनार्थ व खंडनार्थ एकोणिसाव्या शतकांत महाराष्ट्रीय पंडितांनीं जें लिहिलें, तें आमच्या वाङ्मयेतिहासाचा भाग आहे आणि तें झपाट्यानें नष्ट होत आहे. पोथ्या जमविणारे गृहस्थ बखरीचें एखादें फाटकें पान जिवापलीकडे जपतात. पण त्याच गाठोड्यांत मिशनच्या छापखान्याचें चोपडें निघालें तर तें परधर्माचें म्हणून बाजूस पडतें, आणि त्यास उत्तर देणारें चोपडें निघालें तर तें भांडणाचें म्हणून बाजूस पडतें. पूर्वपक्ष गेला म्हणजे उत्तरपक्षाचा अर्थ लागत नाहीं, हें न्यायाचा प्रारंभिक विद्यार्थीही जाणतो. म्हणून त्या वादाचें मूल्यमापन येथें करण्याचें योजिलें आहे. कोणता धर्म खरा हें ठरविणें हा आमचा अधिकार नव्हे. कोणतें प्रमाण कोठपर्यंत पोंचतें, एवढेंच आम्हांस पाहावयाचें आहे.

प्रथम वादाचा इतिहास थोडक्यांत सांगतों. मराठींत ख्रिस्तचरित्राची मांडणी सर्वांत आधीं फादर स्टीफन्स यांनीं केली. त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोमंतकांत १६१६ सालीं छापलें गेलें. पुढें मुंबईंत डॉ. जॉन विल्सन यांच्याशीं १८३० सालीं पंडितांचे जाहीर वाद झाले व मोरभट दांडेकर यांनीं ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली. १८५७ सालीं विष्णुबावा ब्रह्मचारी यांनीं मुंबईच्या समुद्रकिनारीं पाद्र्यांशीं जे वाद केले, त्यांची कीर्ति अजून विझलेली नाहीं. परंतु शास्त्रीय दृष्ट्या या सर्वांत महत्त्वाचा वाद संस्कृतांत झाला. कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी जॉन म्यूर यांनीं १८३९ सालीं ‘मतपरीक्षा’ नांवाचा गुरुशिष्यसंवादात्मक श्लोकबद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यास तीन उत्तरें आलीं. पहिलें ‘मतपरीक्षाशिक्षा’, १८३९, कर्ता सोमनाथ. दुसरें ‘मतपरीक्षोत्तर’, १८४०, कर्ता कलकत्त्याचे हरचंद्र तर्कपंचानन. तिसरें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४-४५, कर्ता काशीस राहणारे चित्पावन ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोरे. या तिसऱ्या ग्रंथाची संशोधित आवृत्ति सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनीं उज्जयिनीहून १९५१ सालीं काढली. रिचर्ड फॉक्स यंग यांचा या त्रयीवरील इंग्रजी प्रबंध १९८१ सालीं व्हिएन्ना येथें निघाला. सोमनाथ हें टोपणनांव असून खरे ग्रंथकार सिहूरचे सुबाजी बापू होत, असा निर्णय यंग यांनीं त्यांत दिला आहे. म्हणजे तिघांपैकीं दोघे उत्तरकर्ते महाराष्ट्रीय ठरतात.

या दोघांची योग्यता सामान्य नव्हती. सुबाजी बापू हे ज्योतिषी. ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा त्यांचा मराठी ग्रंथ १८३६ चा. पुराणांतील भूगोल सिद्धान्तज्योतिषाच्या कसोटीस उतरत नाहीं, हें मान्य करण्याचें धैर्य त्यांच्या अंगीं होतें. नीळकंठशास्त्री यांनीं आपला ग्रंथ विशीच्या उंबरठ्यावर लिहिला आणि चारच वर्षांत, १८४८ सालीं, जौनपूर येथें स्वतः ख्रिस्ती दीक्षा घेतली. तेच पुढें फादर नेहेम्या गोरे या नांवानें विख्यात झाले आणि १८९५ सालीं मुंबईंत निवर्तले. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचीं प्रमाणें एका मित्रास लिहिलेल्या पत्राच्या रूपानें त्यांनीं १८८७ सालीं इंग्रजींत मुंबईस छापविलीं. एकाच पुरुषानें प्रथम उत्तरपक्ष व नंतर पूर्वपक्ष लिहावा, असें उदाहरण आमच्या वाङ्मयांत क्वचित् सांपडेल.

आतां मूळ वादाकडे वळूं. म्यूरसाहेबांनीं सत्य धर्माचीं तीन लक्षणें दिलीं: संस्थापकाचें अद्भुत सामर्थ्य, शास्त्राची पवित्रता, आणि शास्त्राची सर्व मनुष्यजातीस लागू पडणारी व्यापकता. पैकीं ईश्वरत्वाशीं साक्षात् संबंध पहिल्याचा. त्यावर आमच्याकडील सर्वसामान्य उत्तर असें कीं, अद्भुत कृत्यें श्रीकृष्णाचींही वर्णिलेलीं आहेत. तेव्हां हा हेतु अनैकान्तिक झाला. उत्तर चटकदार आहे, पण तेवढ्यानें वाद संपत नाहीं. कारण ख्रिस्ती वादी लगेच म्हणतो कीं, आमचीं अद्भुतें पाहणाऱ्यांच्या साक्षीवर उभीं आहेत, तुमचीं पुराणकारांच्या कवित्वावर. येथें वादाचा विषय बदलला: अद्भुत राहिलें बाजूस आणि साक्षीचें प्रामाण्य पुढें आलें. या बदललेल्या प्रश्नाचा सांगोपांग विचार त्रयीपैकीं एकानेंही केला नाहीं, असें आमचें स्पष्ट मत आहे. सोमनाथांनीं अधिकारभेदाचा आश्रय केला: ज्याचा जो धर्म त्यानें तो आचरावा, ईश्वर एकच आहे. हरचंद्रांची वाणी तीक्ष्ण, पण ती प्रतिपक्ष्याच्या वर्मापेक्षां त्याच्या अंगरख्यावरच अधिक वेळां पडते. नीळकंठशास्त्र्यांनीं मात्र मर्मावर बोट ठेविलें. शास्त्राचें प्रामाण्य तर्कानें सिद्ध होत नाहीं, श्रद्धा ही आधीं व तर्क तिच्या सेवेस, असा त्यांचा सिद्धान्त. आणि निरपराध बालकांस व पशूंस दुःख कां, हें पूर्वजन्म न मानणाऱ्यानें कसें सांगावें, हा त्यांचा प्रश्न. हा प्रश्न बलवान् खरा. तथापि त्यानें सृष्टिविषयक मताचें खंडन होतें, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचें होत नाहीं.

तेव्हां पंडितांनीं अर्धवट सोडलेलें काम पुरें करावयाचें तर प्रतिपक्ष्याचें म्हणणें त्याच्या बळकट रूपांत मांडिलें पाहिजे. तें असें: येशू ईश्वर होय, ही प्रतिज्ञा. त्यानें स्वतः पित्याशीं आपलें ऐक्य सांगितलें, पापक्षमेचा अधिकार आपल्याकडे घेतला, आणि तो आप्त आहे, हा हेतु. त्याचें आप्तत्व तीन गोष्टींनीं सिद्ध: निष्कलंक चरित्र, अद्भुत कृत्यें, आणि मरणानंतर तिसऱ्या दिवशींचें उत्थान. यावर पहिला आक्षेप अन्योन्याश्रयाचा येतो: शास्त्र खरें कां, तर तो ईश्वर म्हणून, तो ईश्वर कां, तर शास्त्र सांगतें म्हणून. परंतु जाणता ख्रिस्ती पंडित या खोड्यांत पाय घालीत नाहीं. तो म्हणतो, शुभवर्तमानें आरंभीं ईश्वरप्रणीत मानूं नका. एखाद्या बखरीप्रमाणें नुसता ऐतिहासिक लेख म्हणून घ्या. हें म्हणणें न्याय्य आहे व त्यानें अन्योन्याश्रय तुटतो. आक्षेपकानें येथें हट्ट धरूं नये.

दुसरा आक्षेप व्याप्तीचा. मेलेला उठला म्हणून तो ईश्वर, ही व्याप्ति त्यांच्याच शास्त्रांत मोडते; लाजार उठला, पण त्यास कोणी ईश्वर म्हणत नाहीं. उत्थानानें फार तर एवढें सिद्ध होईल कीं, त्या पुरुषावर ईश्वराचा विशेष अनुग्रह होता. अनुग्रह म्हणजे तादात्म्य नव्हे. ख्रिस्ती पक्ष यावर म्हणतो कीं, केवळ उठणें हा हेतु नसून, ज्यानें आपलें ईश्वरैक्य सांगितलें त्याचें उठणें हा हेतु आहे. ईश्वर असत्यवाद्यास उठविणार नाहीं. हेंही उत्तर सुसंगत आहे. पण याचा अर्थ असा कीं, सगळ्या इमारतीचा भार आतां एकाच खांबावर आला: त्यानें स्वतःविषयीं खरोखर काय म्हटलें?

येथें इतिहाससंशोधकाचें काम सुरू होतें. चार शुभवर्तमानांत मार्काचें सर्वांत जुनें, इसवी सन ७० च्या आगेंमागें लिहिलेलें, व योहानाचें सर्वांत उत्तरकालीन, पहिल्या शतकाच्या अखेरचें, असें बहुतेक विद्वान् धरितात. पित्याशीं ऐक्याचीं अगदीं उघड वचनें योहानांतच आढळतात. उलट मार्कांत, आपणांस उत्तम म्हणणाऱ्या गृहस्थास येशू प्रतिप्रश्न करून, उत्तम तो एक ईश्वरच असें सुचवितो. एखाद्या संतचरित्राच्या दोन संहितांत असा भेद आढळला असतां आम्ही काय म्हणूं? उत्तर संहितेंत भक्तांचें तत्त्वज्ञान मिसळलें, असेंच म्हणूं. परंतु येथेंच थांबणारा टीकाकार अर्धाच पुरावा पाहतो. पौलाचीं पत्रें इसवी सनाच्या सहाव्या दशकांतलीं, म्हणजे चारही शुभवर्तमानांच्या आधींचीं. आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रांत ख्रिस्ताचें स्थान मनुष्यमात्राच्या कितीतरी वर, ईश्वराच्या रूपांत, मानिलें आहे. त्याहून महत्त्वाची साक्ष परक्याची. रोमन सुभेदार प्लिनी यानें इसवी सन ११२ च्या सुमारास बादशहा ट्राजन यास लिहिलेल्या पत्रांत, हे लोक ख्रिस्तास देव समजून पहाटे त्याचीं स्तोत्रें म्हणतात, असें कळविलें आहे. तेव्हां हा सिद्धान्त इसवी सन ३२५ च्या नायसियाच्या परिषदेनें निर्माण केला, असें जें आमच्याकडे व्याख्यानांतून सरसकट सांगतात, तें टिकणारें नाहीं. परिषदेनें सिद्धान्ताची परिभाषा ठरविली. श्रद्धा पहिल्या पिढीपासूनची आहे.

हस्तलिखितांचा विचार केला तरी ख्रिस्ती पक्ष दुबळा नाहीं. मँचेस्टरच्या रायलंड्स ग्रंथालयांतील योहानाच्या शुभवर्तमानाचा एक कपटा १९३५ सालीं प्रसिद्ध झाला. तो तळहाताहून लहान. पण अक्षरवळणावरून दुसऱ्या शतकांतला ठरविला जातो. चौथ्या शतकांतील सिनाईच्या प्रतींत संपूर्ण नवा करार आहे. मूळ ग्रंथ व उपलब्ध प्रत यांत इतकें थोडें अंतर असलेला आमचा प्राचीन ग्रंथ दाखविणें कठीण.

असो. एक प्रसिद्ध परिशेषानुमान अद्यापही मोठ्या विश्वासानें मांडिलें जातें: आपणांस ईश्वर म्हणविणारा एक तर लबाड असेल, नाहीं तर वेडा असेल, नाहीं तर ईश्वर असेल, पहिले दोन पक्ष चरित्राशीं जुळत नाहींत, म्हणून तिसरा. परिशेषानुमान तेव्हांच सिद्ध होतें, जेव्हां सर्व विकल्प मोजलेले असतात. येथें दोन विकल्प मोजावयाचे राहिले: शब्द शिष्यांचे असतील, किंवा शब्द त्याचेच, पण यहुदी भाषेंत ईश्वरपुत्र या पदाचा जो व्यापक अर्थ होता, ज्यानें राजा किंवा धर्मात्माही ईश्वरपुत्र म्हणविला जाई, तो अर्थ असेल. हे दोन विकल्प निराळ्या प्रमाणांनीं दूर केल्याखेरीज अनुमान पूर्ण होत नाहीं.

आतां आमच्या मुख्य सिद्धान्ताकडे येतों. मतपरीक्षेच्या वादांत दोन्ही पक्ष एकमेकांस चुकले, आणि त्याचें कारण ‘अवतार’ हा शब्द. येशू ईश्वरी होता, हें मान्य करण्यांत स्मार्त पंडिताचें कांहींच खर्ची पडत नाहीं. विभूति व अंशावतार यांस आमच्याकडे मर्यादा नाहीं. मिशनऱ्यास मात्र हवा होता तो एकच, अद्वितीय अवतार, इसवी सन ४५१ च्या खाल्केदोनच्या निर्णयाप्रमाणें पूर्ण ईश्वर व पूर्ण मनुष्य. म्हणजे खरा वाद ‘ईश्वर’ या पदावर नव्हता, ‘च’ या अव्ययावर होता. एकानें औदार्यानें जें देऊं केलें, तेंच दुसऱ्यास अपमानकारक वाटलें.

‘च’ या अव्ययाचा अर्थ पुरतेपणीं जाणणारा एक संप्रदाय मात्र महाराष्ट्रांत सहाशें वर्षें नांदत होता, आणि त्याचीं पदचिन्हें आमच्या बुलढाणें जिल्ह्यांत आहेत. श्रीचक्रधर लोणारास व मेहकरास राहिल्याचें लीळाचरित्र सांगतें. महानुभाव यात्रेकरू त्या स्थानांस आजही नमस्कार करितात. या मताप्रमाणें जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार पदार्थ नित्य व परस्परभिन्न. देवतांच्या भक्तीनें देवतांचींच फळें मिळतात, मोक्ष एका परमेश्वरापासूनच. तो परमेश्वर मनुष्यदेह स्वीकारतो; श्रीकृष्ण, श्रीदत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभु व चक्रधर हे त्याचे पांच अवतार. अवतार घेण्याचे प्रकारही सांगितले आहेत: गर्भीचा, पतिताचा व दवडण्याचा. भरवसच्या प्रधानपुत्राच्या निष्प्राण देहांत परमेश्वरानें प्रवेश केला तो पतिताचा अवतार. अशा कांटेकोर परिभाषेनें सज्ज असलेला महानुभाव पंडित म्यूरसाहेबांस भेटता, तर तो अधिकारभेदाचें सौजन्य दाखविता ना; तो विचारता, गर्भीचा अवतार आम्हांसही मान्य आहे, पण एकदांच कां? हा वाद खरा समपातळीवरचा झाला असता. परंतु त्या वेळीं हे ग्रंथ सकळ लिपीच्या कुलपांत होते. राजवाड्यांनीं ती लिपि उकलली १९१० सालीं. म्हणून मतपरीक्षेच्या तिन्ही उत्तरांत महानुभावमतास स्थान नाहीं.

साक्षीच्या दृष्टीनें पाहतां ही तुलना अधिकच बोधप्रद होते. चक्रधरांचें उत्तरापंथास गमन तेराव्या शतकाच्या आठव्या दशकांतलें; संप्रदाय त्यांचें निधन मानीत नाहीं. त्यानंतर थोड्याच वर्षांत, शके १२०० च्या सुमारास, म्हाइंभटांनीं ज्यांनीं स्वामींस डोळ्यांनीं पाहिलें त्यांच्याकडे गांवोगांव जाऊन, नागदेवाचार्यांच्या देखरेखीखालीं लीळा गोळा केल्या. साक्षींत जेथें भेद पडला तेथें अमक्याची ‘वासना’ म्हणून पाठभेद नांवानिशीं नोंदविण्याची चाल पडली. प्रसंग आणि लेखन यांतील अंतर शुभवर्तमानांत पस्तीस ते साठ-सत्तर वर्षांचें, लीळाचरित्रांत अगदीं थोडें. साक्षीदारांचीं नांवें येथें आहेत, तेथें बहुधा नाहींत. उलट लेखन व उपलब्ध प्रत यांतील अंतर शुभवर्तमानांत कमी, लीळाचरित्रांत शतकांचें. मूळ प्रत खिलजीच्या धामधुमींत गेली व ग्रंथ स्मरणावरून पुन्हा जुळवावा लागला, असें परंपराच सांगते. म्हणजे एका ठिकाणीं एक साखळी बळकट, दुसऱ्या ठिकाणीं दुसरी.

येथें दोन्ही पक्षांची परीक्षा होते. वर सांगितलेलें परिशेषानुमान ज्यास मान्य, त्यानें तें चक्रधरांस लावून पाहावें: तेही लबाड नव्हते, वेडे नव्हते, आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनीं त्यांस परमेश्वर म्हटलें. ख्रिस्ती वादी हें न मानण्याचें जें कारण देईल, शिष्यांच्या भक्तीचें म्हणा, परंपरेच्या भाषेचें म्हणा, तेंच कारण त्याच्या पक्षाकडे परत येईल. तसेंच, लीळाचरित्रावर विश्वास ठेवून शुभवर्तमानांस ‘भाकडकथा’ म्हणणाऱ्या आमच्या बांधवांनींही आपला तराजू तपासावा. दोन पदार्थ दोन तराजूंनीं तोलणाऱ्या वाण्यास बाजारांत जें म्हणतात, तेंच संशोधनांतही म्हणावें लागेल.

मग निष्कर्ष काय? प्रमाणांनीं एवढें सिद्ध होतें कीं, येशूस जवळून ओळखणाऱ्यांच्या पिढींतच त्याच्या ठिकाणीं ईश्वरबुद्धि उत्पन्न झाली, आणि ती मरणाच्या भयानेंही ढळली नाहीं. ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु ‘त्यांची अशी बुद्धि झाली’ या वाक्यापासून ‘तो ईश्वर होता’ या वाक्यापर्यंत जो शेवटचा पाऊल टाकावा लागतो, तो शब्दप्रमाण टाकीत नाहीं, श्रद्धा टाकिते. आश्चर्य हें कीं, विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांनीं वैदिक शास्त्राच्या वतीनें हाच सिद्धान्त मांडिला होता: श्रद्धा आधीं, तर्क मागून. धर्म बदलला, तरी त्या तरुणानें सांगितलेला प्रमाणशास्त्रांतला क्रम बदलण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. आणि श्रद्धा उसनी घेतां येत नाहीं, हें पंडिता रमाबाईंनीं दाखविलें. १८८३ सालीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्य व ख्रिस्ताचें ईश्वरत्व यांविषयींच्या शंका त्यांनीं आपल्या गुरुभगिनींस पत्रांतून निर्भयपणें कळविल्या; एका पुरोहितवर्गाचें जूं झुगारून दुसऱ्याचें घेण्यास त्या तयार नव्हत्या. तीं पत्रें १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें छापलीं म्हणून हें आज कळतें; तीं कोणी ‘खासगी’ म्हणून जाळलीं असतीं, तर रमाबाईंच्या धर्मचरित्राचा मधला अध्यायच नाहींसा झाला असता.

म्हणून संग्राहकांस आमची एक विनंति आहे. खामगांव, मलकापूर, मेहकर या भागांतील जुन्या वाड्यांत पोथ्यांचीं गाठोडीं अजून सुटावयाचीं आहेत. बुलढाण्यास व आसपास मिशनांचीं ठाणीं दीर्घ काळ होतीं, त्यांचीं मराठी चोपडीं घरोघर गेलेलीं आहेत. याच जिल्ह्यांतील नरवेल गांवीं १९०८ सालीं जन्मलेल्या डॉ. वि. भि. कोलते यांनीं महानुभाव पोथ्या जमवून ‘महानुभाव तत्त्वज्ञान’ १९४५ सालीं व लीळाचरित्राची आवृत्ति १९७८ सालीं सिद्ध केली. तेव्हां कोठें त्या मतास त्याच्याच शब्दांत बोलतां आलें. तीच न्यायबुद्धि खंडनमंडनाच्या चोपड्यांस लावावी. गाठोडें सोडतांना चोपडें कोणत्या धर्माचें हें मागाहून पाहावें. आधीं सन, छापखाना, कर्त्याचें नांव व समासांतील हस्ताक्षर टिपून घ्यावें. समासांत कोणा अज्ञात शास्त्र्यानें शाईनें घातलेला एखादा आक्षेप हा छापील ग्रंथाहूनही मोलाचा ठरेल; कारण वाद कसा झाला हें ग्रंथ सांगतो, आणि तो कोणाच्या मनास लागला हें समास सांगतो.